मित्रोव्हित्सा : शिसे कोणाचे, विष कोणाला?

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, बाल्कनच्या डोंगरांत कोसोव्हो नावाचा प्रदेश आहे. आकाराने आपल्या सातारा जिल्ह्याहून जरासा मोठा. तेथील अल्बेनियन लोक म्हणतात, हा आमचा स्वतंत्र देश. सर्बियाचे लोक म्हणतात, हा आमच्या देशाचा तुकडा. २००८ च्या १७ फेब्रुवारीला कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले. जगातल्या पुष्कळ देशांनी ते मान्य केले, सर्बियाने केले नाही, रशिया-चीनने केले नाही आणि भारतानेही केलेले नाही. या वादाच्या प्रदेशात उत्तरेला मित्रोव्हित्सा हे खाणीचे गाव आहे. मधून इबार नदी वाहते. नदीच्या दक्षिणेला अल्बेनियन, उत्तरेला सर्ब. मध्ये एक पूल. वर्तमानपत्रांत हे गाव येते ते त्या पुलामुळे.

वाचकहो, इतक्या लांबच्या गावाची गोष्ट आम्ही का सांगतो, असे आपण विचाराल. त्याला कारण आहे. या गावात नदीच्या काठी एक वस्ती होती. तिचे नाव ‘रोमा महल्ला’. महल्ला म्हणजे आपण म्हणतो तो मोहल्लाच. तुर्कांच्या राज्याबरोबर हा शब्द तिकडेही गेला. पण त्या महल्ल्यातली माणसे घरी जी भाषा बोलत, तीत पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुष’, कानाला ‘कान’, आगीला ‘याग’, घराला ‘खेर’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. लोणच्यातले लोण ते हेच. मोजायला लागले की ‘येख, दुय, त्रिन, श्तार, पांज’ असे मोजतात. या माणसांची गोष्ट सांगायची, तर आधी गावाची आणि खाणीची सांगावी लागेल. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. जमाखर्च पहिल्या पानापासून पाहिल्याशिवाय शेवटची शिल्लक आम्हाला कळत नाही.

गाव जगले ते ‘ट्रेप्चा’ या खाणींच्या जोरावर. शिसे, जस्त आणि त्यांच्या सोबतीने निघणारी चांदी. रोमन काळापासून येथे खोदकाम होत आले. मध्ययुगात सर्बियाच्या राजांनी खाणविद्येत वाकबगार असलेल्या जर्मन सॅक्सन लोकांना येथे आणून वसवले. तुर्की अमलात खाणी हळूहळू मंदावल्या. मग १९२० च्या दशकात लंडनच्या ‘सिलेक्शन ट्रस्ट’ या कंपनीने पुन्हा हात घातला, १९२७ मध्ये ‘ट्रेप्चा माइन्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवली गेली आणि १९३० पासून माल निघू लागला. कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड चेस्टर बीटी. डब्लिन शहरात त्याच्या नावाचे जुन्या हस्तलिखितांचे जगप्रसिद्ध ग्रंथालय आहे. तेथे जाणारे लोक सोन्याच्या वर्खाची पाने पाहून थक्क होतात. त्याच्या कमाईतला काही वाटा मित्रोव्हित्साच्या पोटातून आला होता, हे कितीजणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने युगोस्लाव्हिया गिळला तेव्हा कोसोव्होचा बहुतेक भाग इटलीच्या ताब्यातील अल्बेनियाला जोडला गेला. पण मित्रोव्हित्सा आणि खाणी जर्मनांनी स्वतःच्या हाताखाली ठेवल्या. शिसे त्यांना सोडवेना. पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांना शिसे लागते. त्या काळी जर्मनांविरुद्ध लढलेल्या खाणकामगारांचे एक स्मारक गावाच्या उत्तरेला टेकडीवर आहे. बोगदान बोगदानोविच या वास्तुशिल्पकाराने रचलेले हे स्मारक १९७३ मध्ये पुरे झाले. दोन जाडजूड खांब आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली, खनिजाच्या डब्यासारखी दिसणारी प्रचंड तुळई. एक खांब सर्ब, दुसरा अल्बेनियन आणि दोघांनी मिळून उचललेला तो एकच डबा, असा त्याचा अर्थ लोक लावतात.

युद्धानंतर मार्शल टिटोच्या समाजवादी युगोस्लाव्हियात खाणी सरकारी झाल्या. खाणी, खनिज निवडण्याचे कारखाने, झ्वेचानची शिसे वितळवण्याची भट्टी, जस्ताचा कारखाना, बॅटऱ्यांचा कारखाना असे एक मोठे कुटुंबच उभे राहिले. भरभराटीच्या काळात वीस हजारांहून अधिक माणसे ट्रेप्चाच्या हजेरीपटावर होती. टिटोच्या निधनानंतर काही वर्षे गावाचे नावच ‘टिटोव्हा मित्रोव्हित्सा’ होते. कामगारांना पगार होता, घर होते, मुलांना शाळा होती. तरीही कोसोव्हो हा सबंध युगोस्लाव्हियातला सर्वांत गरीब प्रांतच राहिला. तिकडे एक बोलवा होता की, राबते ट्रेप्चा आणि इमारती उठतात बेलग्रेडमध्ये. ज्या जिल्ह्यात वीज तयार होते त्याच जिल्ह्यातल्या वाड्या अंधारात, हे आपण पाहिलेले आहे. त्यामुळे या बोलव्याचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

जमिनीखालचे आठ दिवस

१९७४ च्या घटनेने कोसोव्होला सर्बियाच्या अंतर्गत बरीच स्वायत्तता मिळाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सर्बियात स्लोबोदान मिलोसेविच यांचा उदय झाला आणि ही स्वायत्तता काढून घेण्याची भाषा सुरू झाली. १९८८ च्या नोव्हेंबरात कोसोव्होतील दोन लोकप्रिय नेत्यांना पदावरून दूर करण्यात आले. १७ नोव्हेंबरला ट्रेप्चाचे कामगार खाणीतून वर आले आणि घरी न जाता थंडीत पायी प्रिस्टिनाकडे निघाले. प्रिस्टिना ही प्रांताची राजधानी. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. हातांत युगोस्लाव्हियाचे झेंडे आणि टिटोची चित्रे. त्यांना देश फोडायचा नव्हता. घटनेने दिलेले काढून घेऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ऐकले कोणी नाही. तेव्हा १९८९ च्या २० फेब्रुवारीला स्तारी त्रग येथील खाणीत सुमारे तेराशे कामगार पाळीवर उतरले ते वर आलेच नाहीत.

खाणीतला संप काय असतो हे ज्यांच्या घरात गिरणीचा संप होऊन गेला त्यांनी नीट समजून घ्यावे. गिरणीच्या संपात कामगार फाटकाबाहेर उभा राहतो. ऊन-पाऊस सोसतो, पण डोक्यावर आभाळ असते. येथे शेकडो मीटर खोल, जेथे दगडच गरम असतो आणि हवा यंत्राने खाली सोडावी लागते, तेथे बसून राहायचे. उपोषण धरायचे. दिवस-रात्र कळत नाही. पिंजऱ्यातून अशक्त झालेल्या माणसांना वर आणून इस्पितळात नेत, बाकीचे तेथेच. वर खाणीच्या तोंडाशी बायका-मुले उभी. स्वायत्ततेला हात लावू नये आणि मिलोसेविचच्या तंत्राने चालणाऱ्या तीन पक्षनेत्यांनी राजीनामे द्यावेत, या त्यांच्या मुख्य मागण्या.

युगोस्लाव्हिया हादरला. दूर स्लोव्हेनियात, ल्युब्लियाना शहरात, खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी मोठी सभा भरली. उलट बेलग्रेडमध्ये लाखोंचा जमाव खाणकामगारांच्या नेत्यांना अटक करा म्हणून रस्त्यावर उतरला. कोसोव्होत खास उपाययोजनांच्या नावाखाली लष्कर आले. आठव्या दिवशी बातमी आली की तिन्ही नेत्यांनी राजीनामे दिले. कामगार वर आले. इतके दिवस अंधारात राहिलेल्या डोळ्यांना उजेड सोसेना.

पण राजीनामे खरे नव्हते. माणसे वर आल्यावर ते फिरवण्यात आले. ज्यांच्यासाठी कामगार चालत गेले होते त्यांपैकी आझेम व्ल्लासी यांना आणि खाणीच्या संचालकांना मार्चच्या सुरुवातीलाच अटक झाली. २३ मार्च १९८९ रोजी प्रिस्टिनाच्या विधानसभेबाहेर रणगाडे उभे असताना आत घटनादुरुस्ती मंजूर झाली. पुढच्या वर्षी विधानसभाच बरखास्त झाली आणि हजारो अल्बेनियन कामगार, शिक्षक, डॉक्टर नोकरीवरून काढले गेले. ट्रेप्चातही तेच. ज्या हातांनी खाण चालवली ते हात रिकामे झाले.

फसवून संप मागे घ्यायला लावणे ही युक्ती जगभर एकच आहे. मुंबईच्या गिरणगावाची आठवण काढण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण तो विषय निराळा आणि मोठा आहे. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या संपात सर्ब कामगार अल्बेनियन कामगारांबरोबर खाली बसले नाहीत. एकाच पाळीत, एकाच पिंजऱ्यातून उतरणारी माणसे. टेकडीवरचा तो दोन खांबांचा डबा बांधून तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती.

पूल, आणि दोन तुकड्यांतली खाण

पुढचे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण युद्धाच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. १९९८ पासून अल्बेनियन बंडखोर आणि सर्बियाचे सैन्य यांच्यात लढाई पेटली. १९९९ च्या २४ मार्चपासून १० जूनपर्यंत नाटोने बॉम्बफेक केली. लाखो अल्बेनियन घरदार सोडून पळाले. मग सर्बियाचे सैन्य माघारी गेले, अल्बेनियन परतले आणि आता सर्ब पळू लागले. मित्रोव्हित्सात सर्ब इबारच्या उत्तरेला एकवटले, अल्बेनियन दक्षिणेला राहिले आणि फ्रेंच सैनिक पुलावर उभे राहिले. सबंध कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे आला. पुलावर त्यानंतर काय काय झाले! २००४ च्या मार्चमध्ये जवळच्या गावातली तीन अल्बेनियन मुले इबारमध्ये बुडाली. सर्बांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली, अशी बातमी पसरली. चौकशीत त्याला पुरावा मिळाला नाही, पण तोवर कोसोव्होभर दंगल होऊन दोन्ही बाजूंची १९ माणसे मेली होती. २०१४ मध्ये पुलावर सिमेंटच्या कुंड्यांत झाडे लावून त्याला ‘शांतता उद्यान’ म्हटले गेले. रस्ता मात्र बंदच. २०२४ मध्येसुद्धा हा पूल गाड्यांना खुला करावा की नाही, यावरून पुन्हा वाद पेटला. माणसे पायी जातात.

पण आमच्या मते पुलापेक्षा खाणीची वाटणी अधिक बोलकी आहे. स्तारी त्रगची मुख्य खाण अल्बेनियन बाजूला राहिली आणि झ्वेचानची भट्टी सर्ब बाजूला. एकाकडे कच्चा माल, दुसऱ्याकडे चूल. उत्तरेकडच्या लहान खाणी सर्ब कामगार चालवतात. दक्षिणेकडची मोठी खाण युद्धानंतर पाण्याने भरली होती; ती उपसून २००५ मध्ये पुन्हा काम सुरू झाले. दोन्हीकडे खनिज निवडून, दळून, त्याची पूड परदेशी विकतात. वितळवण्यातला नफा परदेशात. पूर्वी वीस हजार माणसे होती तेथे आता त्याचा लहानसा अंश उरला आहे.

२०१५ च्या जानेवारीत कोसोव्हो सरकारने ट्रेप्चा ताब्यात घेण्याचा विचार पुढे ढकलला तेव्हा स्तारी त्रगचे कामगार पुन्हा खाली बसले. बापांनी १९८९ मध्ये केले तेच मुलांनी. पुढच्या वर्षी ऑक्टोबर २०१६ मध्ये कायदा झाला : ट्रेप्चाचा ८० टक्के हिस्सा कोसोव्हो सरकारचा, २० टक्के कामगारांचा. बेलग्रेडने ताबडतोब सांगितले, आम्हाला मान्य नाही, खाण आमची. म्हणजे शिसे कोणाचे, हा वाद आजही उभा आहे. दोघेही हक्क सांगायला हजर आहेत.

त्या शिशाच्या राखेवर मात्र तिसऱ्यानेच हक्क सांगितल्यासारखा कारभार झाला. आता महल्ल्याकडे वळू.

पंचेचाळीस दिवस

रोमा महल्ला इबारच्या दक्षिण तीरावर होता. सुमारे आठ हजार वस्ती. रोमा, अश्काली आणि इजिप्शियन म्हणवणारे असे तीन समाज तेथे होते. बाकीचे लोक त्यांना एकाच हलक्या शब्दाने हाक मारीत. बऱ्याचजणांची पक्की घरे होती, पुष्कळजण ट्रेप्चातच कामाला होते, मुले शाळेत जात. युरोपात सर्वत्र रोमांची वस्ती गावाच्या कडेला आणि कामे घाणीची, असे चित्र असते. आपल्या वाचकांना ते रंगवून सांगण्याची आवश्यकता नाही.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून विद्वानांनी सिद्ध केले आहे. ते अमुक जातीचे होते, असे छातीठोक सांगणारे लोक आम्हाला भेटतात. तसा पुरावा नाही आणि आम्ही तसा दावा करणार नाही. भाषेचा धागा पुरेसा बळकट आहे. १९७१ मध्ये लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. तेथे त्यांनी झेंडा ठरवला : वर निळा, खाली हिरवा आणि मध्यभागी सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र. हे चक्र आपल्या पूर्वजांच्या देशाची खूण म्हणून त्यांनी मुद्दाम घेतले. आपल्या तिरंग्यावर चोवीस आऱ्या, त्यांच्यावर सोळा.

१९९९ च्या जूनमध्ये नाटोचे सैन्य गावात आले आणि परतलेल्या अल्बेनियन लोकांपैकी काहींनी रोमांवर सूड उगवला. तुम्ही सर्बांना सामील होता, हा आरोप. काहीजण असतीलही, पण शिक्षा सबंध महल्ल्याला झाली. घरे लुटली, जाळली, दारे-खिडक्या-कौले उपसून नेली. आंतरराष्ट्रीय सैनिक जवळच होते. आठ हजारांचा महल्ला काही दिवसांत ओसाड पडला. कोणी सर्बियात गेले, कोणी जर्मनीत, आणि ज्यांना कोठेच जाता आले नाही ती सहाशेच्या आसपास माणसे नदी ओलांडून उत्तरेला आली.

त्यांना ठेवायचे कोठे? त्या वर्षअखेरीपासून त्यांच्यासाठी छावण्या उभारण्यात आल्या : झिट्कोव्हात्स, चेस्मिन लुग, काब्लारे. पंचेचाळीस दिवसांची तर गोष्ट, असे आपल्याला सांगितले होते, असे तेथील रहिवासी पुढे सांगत राहिले. जागा मोकळी होती, कारण ती कोणालाच नको होती. शेजारी झ्वेचानच्या भट्टीची आणि खनिज धुतल्यावर उरलेल्या गाळाची डोंगराएवढी राख. वारा सुटला की ती धूळ फळ्यांच्या खोल्यांत, अंथरुणावर, भाकरीच्या पिठात.

आता तारीखवार पाहा. २००० च्या ऑगस्टमध्ये, १४ तारखेला, नाटोच्या सैनिकांनी झ्वेचानची भट्टी ताब्यात घेऊन बंद केली. कारण काय? हवेत शिसे प्रमाणाबाहेर आहे. परदेशी सैनिकांच्या रक्तातही शिसे वाढल्याचे आढळले होते. योग्यच केले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्याच एका अहवालात छावण्यांतल्या लोकांच्या रक्तात शिसे फार असल्याचे आणि त्यांना हलवावे असे लिहिले गेले. सैनिकांसाठी भट्टी बंद झाली, छावण्या राहिल्या. पुढची दहा वर्षे राहिल्या.

ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी हे नीट वाचावे. शिसे शरीरात शिरले की रक्तातून हाडांत जाऊन बसते. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल किती तरी पटीने जास्त शिसे शोषून घेते, आणि ते रांगते, माती-धुळीत खेळते, हात तोंडात घालते. अंगात लोह कमी असेल, पोट रिकामे असेल, तर आणखी शोषले जाते. म्हणजे गरिबाच्या मुलाला विष जास्त भिनते, ही आमची भाषणबाजी नव्हे, वैद्यकशास्त्र आहे. पोटदुखी, उलट्या, रक्त कमी होणे, पुढे झटके येणे. आणि हे काही दिसत नसले तरी बुद्धीची वाढ खुंटणे, लक्ष न लागणे, बोलायला उशीर होणे. गरोदर बाईच्या हाडांतून ते पोटातल्या बाळाला पोचते. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असे आज कोणी डॉक्टर सांगत नाही. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा धंदा वस्त्यांत चालतो. घरात, चुलीजवळ, अंगणात तो कोणी करीत असेल तर हात जोडून थांबवा, आणि बाहेर ते काम करणाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

छावण्यांतली माणसेही बॅटऱ्या वितळवीत होती. दुसरा रोजगार नव्हता. शिसे विकून पीठ येई. अधिकारी त्याकडे बोट दाखवून म्हणत, पाहा, हेच स्वतःला विष घालतात. ज्याला राखेच्या ढिगाशेजारी आणून ठेवले त्यालाच राखेचा दोष द्यायचा, ही रीत आम्ही ओळखतो.

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांचे रक्त तपासले. त्या वेळी दर डेसिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ती धोक्याची खूण मानीत. तपासणीचे यंत्र ६५ पर्यंत मोजू शकत होते. काही मुलांचा आकडा यंत्राच्या पलीकडे गेला. पुढच्या वर्षी छावण्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात, अशी मागणी झाली. २००६ मध्ये लोकांना हलवले खरे, पण कोठे? ऑस्टेरोडे नावाच्या, फ्रेंच सैनिकांनी सोडलेल्या बराकीत. ती चेस्मिन लुगच्या हाकेच्या अंतरावर. ही जागा त्यातल्या त्यात बरी, असे सांगितले. रक्तातले शिसे काढण्याचे औषधोपचार सुरू केले आणि मध्येच थांबवले. शिसे चारी बाजूंना असताना औषध देऊन उपयोग काय, असे डॉक्टरच विचारू लागले होते. चेस्मिन लुग २०१० मध्ये बंद झाली, ऑस्टेरोडे २०१२ च्या अखेरीस. पंचेचाळीस दिवसांची तेरा वर्षे झाली.

फाइल

आमच्या नोकरीचा जन्म फायलींत गेला. त्यामुळे या प्रकरणाच्या फाइलीचा प्रवास आम्ही दोनदा वाचला, आणि एवढ्या लांबच्या कचेरीतही शेरे सारखेच असतात, हे पाहून हसावे की रडावे कळेना.

२००६ मध्ये रोमांच्या बाजूने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अर्ज गेला. उत्तर आले : तेथील कारभार संयुक्त राष्ट्रांचा आहे, संयुक्त राष्ट्रे हा काही आमच्या करारातला देश नव्हे, अर्ज घेता येत नाही. मग २००८ मध्ये १३८ रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रांच्या कोसोव्हो प्रशासनानेच नेमलेल्या मानवी हक्क सल्लागार मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने प्रथम ती अंशतः दाखल करून घेतली. त्यावर प्रशासनाचे म्हणणे पडले की, नुकसानभरपाईची आमची स्वतःची वेगळी पद्धत आहे, आधी तेथे जा. २०१० मध्ये प्रकरण मंडळाकडून बंद झाले. लोक त्या दुसऱ्या टेबलाकडे गेले. २०११ मध्ये न्यूयॉर्कहून उत्तर आले : हे दावे खासगी कायद्याच्या स्वरूपाचे नाहीत, आमच्या कारभारावरची टीका आहेत, सबब भरपाई देता येत नाही. म्हणजे या टेबलाने त्या टेबलाकडे पाठवायचे आणि त्याने म्हणायचे, हे आमचे नव्हे. पुढे मंडळाने प्रकरण पुन्हा उघडले. दरम्यान छावण्याही मोडल्या होत्या.

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी मंडळाने निर्णय दिला, आणि तो स्वच्छ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने या लोकांच्या जीविताच्या हक्काचा भंग केला, त्यांना अमानुष अवस्थेत ठेवले, मुलांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांची पायमल्ली केली, आणि रोमा म्हणून त्यांच्याशी भेदभाव केला. चूक जाहीरपणे कबूल करा, माफी मागा, भरपाई द्या, अशी शिफारस झाली. मात्र मंडळ सल्लागार. त्याचा शब्द बंधनकारक नाही.

२०१७ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी खेद व्यक्त केला आणि एक विश्वस्त निधी जाहीर केला. पैसा कोणाच्या हातात द्यायचा नाही; आरोग्य, रोजगार, पाणी अशा योजनांवर खर्च करायचा, आणि तोही तिन्ही समाजांसाठी, छावण्यांत राहिलेल्यांसाठीच असे नव्हे. निधीत संयुक्त राष्ट्रांचे पैसे नाहीत. ज्या देशाला वाटेल त्याने ऐच्छिक वर्गणी घालावी. देशांनी हात आखडता घेतला.

महल्ल्यात आता परदेशी मदतीतून काही नवी घरे आणि इमारती झाल्या आहेत, काही कुटुंबे परत आली आहेत. खाणीत किंवा कारखान्यात पूर्वीसारखी जागा त्यांना नाही. पुष्कळांचे पोट भंगार वेचण्यावर चालते. छावणीत आले तेव्हा जे मूल चार वर्षांचे होते ते आज तिशी गाठलेले आहे. त्याच्या आईने मंडळासमोर ज्या तपासणीचा कागद ठेवला होता, तो कागद अजून घरात आहे की नाही, हे विचारायला निधीच्या वतीने कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.